मुदतीबाहेरचें अपील

तारखा सांभाळण्याची संवय आपल्या घरांतून मोठी आहे. देवघराशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलें असतें आणि त्याच्या चौकटींतून एकादशी, श्राद्धतिथि, विम्याचा हप्ता, मुलांच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असें सर्व कांहीं पेन्सिलीनें टिपून ठेवलेलें असतें. घरपट्टी एक दिवस उशिरां भरली गेली तर घरांतील वडील माणूस चार दिवस तें बोलून दाखवितो. अशा या घरांतून एक तारीख मात्र कोणी कधीं टिपून ठेवीत नाहीं. कारण ती आपल्या वांट्यास यावयाचीच नाहीं अशी प्रत्येकाची खात्री असते. फौजदारी कोर्टांत घरांतील कोणास शिक्षा झाली तर तिच्यावर अपील करण्याचा जो शेवटचा दिवस, ती ही तारीख होय.

विषय अमंगल आहे, आणि तो या पृष्ठांवर कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. परंतु बँकेंत, पतपेढींत, सरकारी कचेरींत, शाळेच्या व्यवस्थापनांत आपल्यापैकीं हजारों माणसें सह्या करीत असतात. रस्त्यावर मोटार चालविणारीं तर घरोघर आहेत. एका सहीनें किंवा एका क्षणाच्या गफलतीनें माणूस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहूं शकतो. तेव्हां जें ठाऊक असावें तें शांतपणीं समजून घेतलेलें बरें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमच्या परिचयांतील एका घरीं कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली हकीकत प्रथम सांगतों. जिल्ह्याच्या गांवीं राहणारें हें एकत्र कुटुंब. घरांत थोरले काका कर्ते. ते एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. धाकट्या भावाच्या पश्चात् त्याची पत्नी व मुलगा त्यांच्याच छायेखालीं वाढले. हा पुतण्या एका पतपेढींत रोखपाल होता. तेथील हिशेबांत तूट निघाली, तिघांवर खटला झाला, आणि तीन-चार वर्षांनीं मॅजिस्ट्रेटानें त्याला दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. खटला चालूं असेतोंपर्यंत तो जामिनावर होता. निकालाच्या दिवशीं घरचें कोणीहि कोर्टांत गेलें नाहीं. "आम्ही कोणत्या तोंडानें जावें?" असें काका म्हणाले, आणि त्यांच्यापुढें बोलण्याची त्या घरांत रीत नव्हती. त्याच्या वकिलाची फी थकली होती. तोहि त्या दिवशीं आला नाहीं. संध्याकाळीं पोलीस त्याला तुरुंगांत घेऊन गेले.

निकालाची नक्कल त्याला कोर्टांतच मिळाली होती. पहिल्या भेटीच्या वेळीं त्यानें ती आईच्या हातीं दिली. आईनें ती काकांना दिली. काकांनीं ती आपल्या कपाटांत शाळेच्या जुन्या अहवालांखालीं ठेवून दिली. त्यानंतर त्या घरांत त्या मुलाचें नांव कोणी मोठ्यानें उच्चारलें नाहीं. कोणी विचारलेंच तर "तो परगांवीं असतो" असें उत्तर मिळे. निकाल मार्च महिन्यांत लागला होता. दिवाळीपूर्वींच्या आवराआवरींत काकूंच्या हातीं ती नक्कल लागली. त्या दुपारीं बसून त्यांनीं ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घरांतील दुसऱ्या कोणीं ती तोंपर्यंत उघडलीहि नव्हती. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं काकांना विचारलें, "अहो, यावर पुढें कांहीं करतां येत नाहीं का?"

करतां येत होतें. पण त्याची मुदत टळून सहा महिने होऊन गेले होते.

ही मुदत काय असते तें आतां पाहूं. मॅजिस्ट्रेटानें दिलेल्या शिक्षेवर सेशन्स कोर्टांत अपील करावयाचें तर ३० दिवस, आणि सेशन्स कोर्टानें खटला चालवून दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टांत जावयाचें तर ६० दिवस मिळतात. फांशीच्या शिक्षेवरील अपिलास ३० दिवस आहेत. मात्र सेशन्स कोर्टानें दिलेली फांशीची शिक्षा, कोणी अपील करो वा न करो, हायकोर्टानें कायम केल्यावांचून अंमलांत येऊं शकत नाहीं. हे आंकडे १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतले आहेत. त्यापूर्वींच्या १९०८ च्या कायद्यांत फांशीची शिक्षा झालेल्या माणसास अपिलासाठीं अवघे सात दिवस मिळत असत, हें लक्षांत घेतलें म्हणजे आजची मुदत किती उदार आहे तें कळेल.

दिवस मोजण्याची रीतहि ठाऊक असावी. निकालाचा दिवस मोजावयाचा नसतो. निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठीं अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंत जे दिवस जातात तेहि वगळले जातात. शेवटच्या दिवशीं कोर्टास सुटी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशीं अपील दाखल करतां येतें. उदाहरणार्थ, ३ जूनला निकाल लागला व मुदत ३० दिवसांची असली, तर ती ३ जुलैस संपते. परंतु नकलेसाठीं १० जूनला अर्ज केला आणि नक्कल २४ जूनला तयार झाली, तर हे १५ दिवस वाढून मुदत १८ जुलैपर्यंत जाते. मात्र अर्ज करावयासच उशीर केला तर त्या आळसाचे दिवस कोणी वगळून देत नाहीं.

सर्वच शिक्षांवर अपील असतें असेंहि नाहीं. मॅजिस्ट्रेटानें केलेल्या शंभर रुपयांपर्यंतच्या दंडासारख्या क्षुल्लक शिक्षेवर तें नसतें. ज्यानें गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरून ज्याला दोषी ठरविलें, त्याला 'मी दोषी नाहीं' असें अपिलांत म्हणतां येत नाहीं. शिक्षा फार झाली किंवा ती बेकायदा आहे, एवढेंच म्हणतां येतें. दोषी ठरविणें आणि शिक्षा देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अपीलहि दोहोंपैकीं एकीवर किंवा दोहोंवर करतां येतें. 'गुन्हा शाबीत झाला, आतां काय उरलें?' असें म्हणून हातपाय गाळणारे लोक ही गोष्ट विसरतात. गुन्हा कायम राहूनहि शिक्षा निम्म्यावर येऊं शकते.

अपिलाचा हा हक्क आपल्याकडे सर्वांस सारखा व सुखासुखीं मिळालेला नाहीं. जिल्ह्यांतील कोर्टांच्या शिक्षांवर अपिलाची सोय १८६१ च्या फौजदारी संहितेपासून होती. परंतु मुंबईसारख्या इलाख्याच्या शहरांत हायकोर्टापुढें ज्यूरीच्या साह्यानें जो खटला चाले, त्याच्या निकालावर असें अपील नव्हतें. लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला न्यायमूर्ति दावर यांच्यापुढें असाच चालला. २२ जुलै १९०८ रोजीं त्यांना सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. प्रिव्हि कौन्सिलपुढें अपील करण्याची परवानगी मागण्यांत आली, पण ती मिळाली नाहीं. त्याच सुमारास, म्हणजे १९०७ सालीं, खुद्द इंग्लंडांत फौजदारी अपिलासाठीं स्वतंत्र कोर्ट स्थापन करणारा कायदा झाला होता, आणि तेथें अपिलाला दहा दिवसांची मुदत होती. आपल्याकडे हायकोर्टानें अशा रीतीनें दिलेल्या शिक्षेवर अपिलाची सोय व्हावयास १९४३ साल उजाडावें लागलें. जो हक्क लोकमान्यांसारख्या पुरुषास मिळाला नाहीं, तो आज एखाद्या सामान्य कारकुनास आहे. तो केवळ कपाट न उघडल्यामुळें वायां जावा, ही खेदाची गोष्ट आहे.

आतां कोणी विचारील कीं, न्याय जर न्याय आहे, तर त्याला मुदत कशासाठीं? उत्तर असें कीं, खटल्याला दोन बाजू असतात. ज्याचें नुकसान झालें, ज्याच्या घरचा माणूस गेला, त्यालाहि एके दिवशीं 'हें प्रकरण संपलें' असें म्हणतां आलें पाहिजे. साक्षीदार म्हातारे होतात, परगांवीं जातात, विसरतात. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर तर सरकारच्या अपिलाची तलवार जन्मभर लटकत ठेवणें क्रूरपणाचें होईल. म्हणून सरकारच्या अशा अपिलासहि ९० दिवसांची मर्यादा घातली आहे. मुदत ही अशी दोन्ही बाजूंच्या सोयीसाठीं असते.

परंतु मुदत टळली म्हणजे दार कायमचें बंद झालें, असें मात्र नव्हे. मुदतीच्या कायद्याच्या पांचव्या कलमांत, उशिरा येणाऱ्यानें 'पुरेसें कारण' दाखविलें तर कोर्टानें विलंब माफ करावा, अशी तरतूद आहे. त्यासाठीं अपिलाबरोबर एक वेगळा अर्ज द्यावा लागतो. किती दिवस उशीर झाला, तो कां झाला, तें त्यांत लिहून प्रतिज्ञालेखानें शपथेवर सांगावें लागतें. १९६१ सालीं सुप्रीम कोर्टानें एका दिवाणी प्रकरणांत असा निर्वाळा दिला कीं, मुदतीच्या आंतील दिवस माणसानें कसे घालविले याचा जाब त्याला विचारूं नये. मुदतीचा शेवटचा दिवस उलटल्यापासून अपील दाखल होईपर्यंतच्या काळाचा खुलासा त्यानें द्यावा. १९८७ सालीं त्याच कोर्टानें सांगितलें कीं, उशीर करून सामान्यतः कोणाचा फायदा होत नसतो. प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा या नियमाचा अर्थ तारतम्यानें घ्यावा, नाहींतर मग प्रत्येक तासाचा आणि प्रत्येक क्षणाचाहि खुलासा मागावा लागेल. हे निकाल जमिनीच्या व पैशाच्या प्रकरणांतले असले, तरी फौजदारी कोर्टेंहि त्यांचा आधार घेतात. आणि जेथें माणसाचें स्वातंत्र्य पणास लागलेलें असतें, तेथें कोर्टाचा हात अधिक सैल असतो.

कधीं कधीं तर साऱ्या देशाचा विलंब एकदम माफ होतो. करोनाच्या सांथींत सुप्रीम कोर्टानें २३ मार्च २०२० रोजीं आपण होऊन हुकूम काढला, आणि १५ मार्च २०२० पासून कोर्टकामाच्या मुदती थांबविल्या. पुढें फेरफार होत होत १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्व काळ मुदतीच्या मोजणींतून वगळला गेला. कायद्याचें घड्याळ निर्दय असतें, पण तें माणसांच्या हातांत आहे, याची ही मोठी साक्ष होय.

याच्या उलट, कांहीं खास कायद्यांत दार फार अरुंद केलेलें आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या २००८ च्या कायद्यांत अपिलास ३० दिवस आहेत, आणि ९० दिवस उलटल्यावर अपील घेऊंच नये असे शब्द आहेत. मुंबई हायकोर्टानें २०२३ सालीं हे शब्द बंधनकारक न मानतां, पुरेसें कारण असल्यास त्यापुढेंहि विलंब माफ करतां येईल, असा अर्थ लावला. दुसऱ्या कांहीं हायकोर्टांनीं तो उलट लावला होता. तेव्हां आपलें प्रकरण कोणत्या कायद्याखालचें आहे, हें पहिल्याच दिवशीं विचारून घ्यावें.

उशिरा आलेल्या फौजदारी अर्जांपैकीं आपल्या महाराष्ट्राशीं ज्याचा निकट संबंध आहे आणि ज्यानें देशाचा कायदा बदलला, असा एक अर्ज १९७८ सालचा आहे. 'हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नांवानें तो वकिलांना पाठ असतो. अर्जदार अशिक्षित नव्हता, तो पीएच्.डी. झालेला, विद्यापीठांत शिकविणारा गृहस्थ होता. एका विद्यापीठाची बनावट मोहोर मुंबईच्या एका ठसेकाराकडून करवून घेण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला. सेशन्स कोर्टानें त्याला कोर्ट उठेपर्यंत साधी कैद व कांहीं दंड एवढ्यावर सोडलें. सरकारनें शिक्षा वाढविण्यासाठीं अपील केलें, आणि नोव्हेंबर १९७३ मध्यें मुंबई हायकोर्टानें त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. त्यानें ती निमूटपणें भोगली. सुप्रीम कोर्टाकडे त्याचा अर्ज आला तो त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळानें.

इतका उशीर कां, असें कोर्टानें विचारलें. हायकोर्टाच्या निकालाची नक्कल मला मिळालीच नव्हती, असें त्यानें सांगितलें. हायकोर्टानें नक्कल येरवड्याच्या तुरुंगाकडे पाठविली होती. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, ती कैद्याला दिली होती, पण शिक्षा कमी व्हावी म्हणून राज्यपालांकडे करावयाच्या अर्जास जोडण्यासाठीं त्याच्याकडून परत घेतली. कैद्याला ती पोंचल्याबद्दल त्याच्या सहीची पावती मात्र कोठेंच नव्हती. एका माणसाचा सर्वोच्च कोर्टापर्यंत जाण्याचा हक्क एका न घेतलेल्या सहीवर अडून राहिला होता!

न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं या प्रकरणाचा निकाल लिहिला. अर्जदाराच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. हायकोर्टानें दिलेली शिक्षा योग्यच होती असें ठरून अर्ज फेटाळला गेला. पण त्या निमित्तानें कोर्टानें देशांतील सर्व तुरुंगांना व कोर्टांना घालून दिलेला नियम आजहि कैद्यांच्या उपयोगीं पडतो. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल वेळेवर व मोफत मिळाली पाहिजे. ती तुरुंगामार्फत पाठविली असेल तर कैद्याच्या हातीं देऊन त्याची लेखी पोंच घेतली पाहिजे. त्याला अपील करावयाचें असेल तर तुरुंगानें सर्व सोय केली पाहिजे. आणि वकील देण्याची त्याची ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चानें दिला पाहिजे. शिक्षेवर निदान एकदां अपील करतां येणें हें राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील न्याय्य पद्धतीचेंच अंग आहे, असें कोर्टानें म्हटलें. डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाची जेथें ही गत, तेथें अक्षरशत्रु कैद्याची काय होत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

आणि या प्रकरणांतली आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सुप्रीम कोर्टानें तो अर्ज मंजूर केला असता, तरी भोगून झालेलीं तीन वर्षें त्याला परत देण्याचें सामर्थ्य त्या कोर्टांतहि नव्हतें. विलंब माफ होतो. दिवस परत मिळत नाहींत. फौजदारी अपिलांतील उशिराचें खरें स्वरूप हें आहे. दिवाणी दाव्यांत उशीर झाला तर पैसा अडकतो, आणि तो कधीं व्याजासकट मिळूं शकतो. फौजदारींत मुदत टळल्यापासून अपील दाखल होईपर्यंत माणूस गजांआड बसलेला असतो, आणि अपील दाखल झाल्यावांचून शिक्षेस स्थगिति देण्याचा अधिकार अपिलाच्या कोर्टास पोंचत नाहीं.

आतां त्या मुख्याध्यापकांच्या घराकडे परत येऊं. काकूंच्या प्रश्नानंतर तीन दिवसांनीं काका जिल्हा कोर्टाच्या आवारांतील विधि सेवा प्राधिकरणाच्या कचेरींत गेले. तेथें एका तरुण वकीलबाईंकडे काम आलें. त्यांनीं नक्कल वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "निकालाच्या दिवशीं कोर्टांत कोण होतें?" कोणीच नव्हतें, असें काकांनीं सांगितलें. त्यावर त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, जो माणूस खटल्यांत जामिनावर आहे आणि ज्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आहे, त्यानें 'मला अपील करावयाचें आहे' असें त्याच कोर्टास त्याच दिवशीं सांगितलें, तर खास कारण नसेल तेव्हां त्याच कोर्टानें त्याला अपिलापुरता जामीन द्यावा, असा कायदा आहे. एक अर्ज आणि एक जामीनदार उभा असता, तर मुलगा त्या संध्याकाळीं घरीं आला असता.

पुढचा प्रश्न विलंबाच्या कारणाचा होता. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, मुलाच्या आईच्या आजाराचा दाखला आणावा. असे दाखले मिळतात, आणि कोर्टेंहि ते मान्य करतात. काकूंनीं याला साफ नकार दिला. वकीलबाईहि म्हणाल्या, "काका, लाज वाटली हें कायद्यांत कारण म्हणून लिहिलेलें नाहीं, हें खरें. पण खोटा दाखला जोडला तर आहे तें कारणहि जाईल. जें घडलें तें तारखांसह लिहूं या." जें घडलें तेंच पुरेसें होतें. मुलगा पहिल्या दिवसापासून तुरुंगांत होता. त्याला वकील नव्हता. तुरुंगांतून अपील पाठवितां येतें हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. त्याच्याजवळ पैसा नव्हता. आणि नक्कल त्याच्या हातची गेली होती. या प्रत्येक गोष्टीस कागदाचा आधार होता. काकांनीं आपला स्वतःचा एक प्रतिज्ञालेख जोडला. त्यांतील एक वाक्य त्यांनीं स्वतः सांगून लिहविलें: "निकालाची नक्कल माझ्या कपाटांत होती व ती मीं उघडून वाचली नाहीं." आयुष्यभर मुलांच्या चुकांवर लाल शाईनें खुणा केलेल्या त्या गृहस्थांस हें एक वाक्य लिहितांना काय वाटलें असेल, तें आम्हांस सांगतां येणार नाहीं.

डिसेंबरांत अपील व माफीचा अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलांनीं विरोध केला. फेब्रुवारींत कोर्टानें विलंब माफ केला व शिक्षेस स्थगिति दिली. मुलगा घरीं आला तेव्हां त्याचे तुरुंगांतले अकरा महिने भरले होते. अपिलाचा अंतिम निकाल त्यानंतर दोन वर्षांनीं लागला. अफरातफरीचा मुख्य आरोप त्याच्यावर टिकला नाहीं; हिशेबांतील खोट्या नोंदीबद्दल तो दोषी राहिला, आणि शिक्षा सहा महिन्यांवर आली. सहा महिने द्यावयाचे होते, अकरा दिले गेले. रोखपालाचेंच काम केलेला तो मुलगा पुढें एकदां म्हणाला, "जास्तीचे पांच महिने कोणाच्या खातीं जमा धरावयाचे?" घरांत त्याला कोणी उत्तर दिलें नाहीं.

या हकीकतींतून जें शिकावयाचें तें थोडक्यांत सांगतों.

निकालाच्या दिवशीं घरचें एक तरी जाणतें माणूस कोर्टांत असावें. निकाल काय लागेल याविषयीं कितीहि खात्री असली तरी जामीनदाराची व कागदपत्रांची तयारी ठेवावी. कैदेची शिक्षा झाल्यास निकालाची नक्कल ताबडतोब मोफत मिळण्याचा आरोपीला हक्क आहे. ती मागून घ्यावी, आणि घरीं एक प्रत ठेवून मूळ नक्कल सांभाळावी. जुन्या फौजदारी संहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु हे हक्क कायम आहेत.

कैद्याला बाहेरचें कोणी नसलें तरी अपील अडत नाहीं. तो आपला अर्ज व निकालाची नक्कल तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातीं देऊं शकतो, आणि त्या अधिकाऱ्यानें ती योग्य कोर्टाकडे पाठविलीच पाहिजे. तुरुंगांतून केलेलें असें अपील कैद्यास आपली बाजू मांडण्याची वाजवी संधि दिल्यावांचून, आणि मुदत पुरी होण्यापूर्वीं, सहसा फेटाळतां येत नाहीं. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आहे. त्याप्रमाणें कोठडींत किंवा तुरुंगांत असलेल्या प्रत्येक माणसास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मागतां येतो. स्त्रियांनाहि तोच हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्यास असें प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर टेलिफोननें विचारपूस करतां येते. सुशिक्षित घरांतील लोकांस अशा ठिकाणीं जाणें कमीपणाचें वाटतें. त्यांनीं काकांचें उदाहरण आठवावें.

मुदत टळली असेल तर आणखी एक दिवसहि घालवूं नये. 'इतका उशीर झालाच आहे, तर सणवार उरकून पाहूं' हा विचार घातक असतो; कारण टळलेल्या महिन्यांपेक्षां, कळल्यानंतर घालविलेले दिवस समजावून सांगणें अधिक कठीण जातें. आजारपण असल्यास खरे कागद, वकिलानें चुकीचा सल्ला दिला असल्यास त्याची खरी हकीकत, नक्कल उशिरां मिळाली असल्यास तिच्यावरील तारीख, जें असेल तें सरळ सांगावें.

आणि एक गोष्ट विशेषतः एकत्र कुटुंबांनीं ध्यानांत ठेवावी. अपील चालूं असतां अपील करणारा मरण पावला, तर अपील सामान्यतः तेथेंच संपतें, आणि दोषी असल्याचा शिक्का त्याच्या नांवावर तसाच राहतो. परंतु फांशीच्या किंवा कैदेच्या शिक्षेवरील अपील असेल, तर मृत्यूपासून ३० दिवसांच्या आंत त्याच्या जवळच्या नातलगानें परवानगी मागून तें पुढें चालवितां येतें. जवळचे नातलग म्हणजे आई-बाप, पति किंवा पत्नी, मुलें-नातवंडें, भाऊ किंवा बहीण, असें कायदा सांगतो. चुलते, पुतणे, सुना यांचा समावेश त्यांत नाहीं. तेरावा होईपर्यंत घरांत दुसरें कांहीं सुचत नाहीं, आणि त्यानंतर उरतात ते सतरा दिवस. वडिलांच्या नांवावरील डाग पुसण्याची इच्छा असलेल्या मुलानें हे सतरा दिवस विसरूं नयेत. श्राद्ध दरवर्षीं येतें. ही तिथि एकदांच येते.

घराण्याची अब्रू जपणें हा आपल्या लोकांचा गुण आहे, आणि तो असावा. पण अब्रू मौनानें राखली जाते ही समजूत चुकीची आहे. त्या घरांत शिक्षा झालेल्या मुलाचें नांव आठ महिने कोणी घेतलें नाहीं, म्हणून गांवास तें कळलें नाहीं असें नव्हे. गांवास पहिल्या दिवशींच कळलें होतें. मौनाचा परिणाम एवढाच झाला कीं, ज्याला घराची सर्वांत अधिक गरज होती त्याच्यापर्यंत घर पोंचलें नाहीं. कोर्ट उशीर माफ करतें, कारण माणूस चुकतो हें कायद्यास ठाऊक आहे. घरानेंहि तें ओळखलें, आणि कपाट वेळेवर उघडलें, तर माफी मागण्याचा प्रसंग पुष्कळ वेळां येणारच नाहीं.